निळें पाणी

गेल्या कार्तिकांत माझी नात सुटीस घरीं आली. ती गोव्यास समुद्रविज्ञानाचा अभ्यास करते, आणि हल्लींच्या मुलांप्रमाणें तिचा सगळा अभ्यास एका पातळ पेटींत मावतो. संध्याकाळीं ओटीवर बसून ती त्या पेटींत कांहीं पाहात होती. मी सहज डोकावलों. पडद्यावर हिंदुस्थानचा पश्चिम किनारा होता. वर सौराष्ट्राचें टोंक, मध्यें मुंबई आणि खालीं केरळपर्यंत उतरत गेलेली रेघ. जमीन काळी होती. समुद्र मात्र रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसत होता. किनाऱ्यालगत तांबडी पट्टी, तिच्याबाहेर पिवळी, मग हिरवी, आणि दूर खोल दर्यांत सगळा निळाजांभळा.

"हा समुद्र कोणीं असा बिघडविला?" मीं विचारलें.

"आजोबा, हा रंग नव्हे, हें माप आहे," ती म्हणाली. "समुद्राचा खरा रंग उपग्रहानें वरून पाहिला. त्यावरून पाण्यांत हरितद्रव्य किती तें काढलें, आणि तो आंकडा डोळ्यांना समजावा म्हणून त्याला हे रंग दिले. तांबडें असेल तेथें पुष्कळ. निळें असेल तेथें जवळजवळ कांहींच नाहीं."

निळें तेथें कांहींच नाहीं, हे तिचे शब्द मला लागले. कां लागले तें पुढें सांगेनच. परंतु त्याआधीं हा उपग्रहाचा व्यवहार काय आहे तें सांगितलें पाहिजे. मला तो समजावयास तिच्या सुटीचे चार दिवस लागले. वाचकांस तितका वेळ लागूं नये. मी अनेक वर्षें शाळेंत भूगोल शिकविला आहे, आणि त्यामुळें माझ्या डोक्यांत आधीं भरलेलें सामान बाहेर काढण्यांतच पहिले दोन दिवस गेले.

सूर्याचा प्रकाश स्वच्छ पाण्यांत शिरला कीं त्यांतला तांबडा भाग पाणी स्वतःच गिळून टाकतें. निळा भाग खोलवर जातो, पाण्याच्या अणुरेणूंवर आपटून विखुरतो, आणि त्यांतला थोडासा माघारा वर येतो. म्हणून खोल आणि निर्मळ समुद्र निळा. आतां ह्याच पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पति वाढल्या म्हणजे काय होतें? ह्या वनस्पति नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. त्यांना मूळ नाहीं, खोड नाहीं, फूल नाहीं. पण पिंपळाच्या पानांत जें हरितद्रव्य असतें तेंच त्यांच्या पोटांत असतें. तें निळा प्रकाश खातें आणि हिरव्यास फारसें शिवत नाहीं. मग माघारा येणाऱ्या प्रकाशांत निळा कमी भरतो व हिरवा उरतो. उपग्रहावरचा डोळा ह्या दोहोंचें प्रमाण पाहतो आणि त्यावरून हरितद्रव्याचा हिशेब मांडतो. भर महासागराच्या निळ्या भागांत हजार लिटर पाण्यामागें हरितद्रव्य मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी असतें. समृद्ध किनाऱ्याशीं तेंच कित्येक मिलिग्रॅम भरतें. मिलिग्रॅम ही कांहीं फार मोठी वस्तु नव्हे, हें खरें. परंतु पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जें अन्न तयार होतें, त्याचा जवळजवळ अर्धा वाटा ह्या न दिसणाऱ्या शेतीचा आहे, असें आजचें शास्त्र सांगतें. बांगडा, तारली, सुरमई, त्यांना खाणारे देवमासे, आणि त्यांच्या जिवावर जगणारीं आमच्या किनाऱ्यावरचीं शेंकडों घरें, हीं सर्व शेवटीं त्या हिरव्या कणाचीं देणेकरी.

पाण्याचा रंग आकाशांतून मोजण्याचा पहिला खराखुरा प्रयोग अमेरिकेनें केला. निंबस ह्या मालिकेंतला सातवा उपग्रह १९७८ च्या ऑक्टोबरांत वर गेला. त्यावर ह्या कामाचें यंत्र होतें. वर्षभर चाललें तरी पुष्कळ, अशा अपेक्षेनें पाठविलेलें तें यंत्र १९८६ पर्यंत चाललें. ह्या सालांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. मला त्यांची पुढें गरज लागणार आहे. आपल्या देशाचा पहिला समुद्रदर्शी उपग्रह, ओशनसॅट, २६ मे १९९९ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडाला. सातशें वीस किलोमीटर उंचीवरून तो चौदाशें वीस किलोमीटर रुंदीची पट्टी एका खेपेस पाहात असे, आणि दर दोन दिवसांनीं त्याच पाण्यावर परत येत असे, तोहि भर दुपारीं, सूर्य माथ्यावर असतांना. पाण्यावरची सूर्याची झळाळी डोळ्यांत जाऊं नये म्हणून तें यंत्र मान किंचित् तिरपी करूं शके, हें ऐकून मला फार आनंद झाला. दर्यावर नजर लावतांना आमचे तांडेलहि कपाळावर हात धरून मान अशीच कलती करतात. त्याच्यामागून २००९ त दुसरा आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत तिसरा ओशनसॅट गेला. पहिल्याला आठ रंग वेगळाले ओळखतां येत. तिसऱ्याला तेरा येतात.

पण माझ्या मनांत जें रुतून बसलें तें निराळेंच. उपग्रहाच्या डोळ्यांत जो प्रकाश शिरतो, त्यांतला दहांत नऊ हिस्से प्रकाश समुद्रांतून आलेलाच नसतो. तो असतो मधल्या हवेचा. हवेच्या कणांनीं, धुळीनें, बाष्पानें परतविलेला. समुद्राचा स्वतःचा म्हणावा असा प्रकाश दहांत एक. म्हणून शास्त्रज्ञांना आधीं हवा मोजावी लागते, ती वजा करावी लागते, आणि जें थोडकें शिल्लक राहील त्यांत समुद्र शोधावा लागतो. वजाबाकींत जराशी चूक झाली तर शिलकेंत फार मोठी चूक होते, हें कोणत्याहि वाण्यास ठाऊक आहे. शिवाय डोळाहि काळानें मंद होतोच. माझा झालाच आहे. १९९७ पासून २०१० पर्यंत फिरलेल्या एका अमेरिकन यंत्राची नजर तपासण्यासाठीं महिन्यांतून एकदां सगळा उपग्रहच चंद्राकडे वळवीत. चंद्रावर वारा नाहीं, पाऊस नाहीं, झाड नाहीं. त्याचा चेहरा पालटत नाहीं. तेव्हां चंद्र मागल्या खेपेपेक्षां अंधुक दिसला तर दोष चंद्राचा नव्हे, पाहणाराचा.

ही चंद्राची गोष्ट नातीनें रात्रीं जेवतांना सांगितली. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

सन १९८३. मी तेव्हां किनाऱ्यावरच्या एका लहान गांवीं सातवीच्या वर्गास भूगोल शिकवीत होतों. समुद्राचा धडा होता. समुद्र निळा कां दिसतो, असें मीं विचारलें आणि नेहमींप्रमाणें स्वतःच उत्तर दिलें कीं, आकाश निळें असतें, त्याचें प्रतिबिंब पाण्यांत पडतें, म्हणून. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. तिसऱ्या बांकावरचा एक मुलगा मात्र लिहीना. तो एका मच्छिमाराचा मुलगा होता. हजेरी अर्धी, कपड्यांना सुक्या मासळीचा वास, आणि अक्षर मात्र चांगलें. मीं त्याला उभें केलें.

तो म्हणाला, "गुरुजी, आमचा समुद्र निळा नसतो. खाडीच्या तोंडाशीं मातीच्या रंगाचा असतो, बाहेर हिरवा असतो. आभाळ तर तेंच असतें. आणि अगदीं निळ्या पाण्यांत बाबा जाळें टाकीत नाहींत. तेथें मासळी नसते म्हणतात."

आज मला त्या वाक्यांतला प्रत्येक शब्द सोन्याचा वाटतो. आभाळ तर तेंच असतें! एवढ्या एका वाक्यानें माझें उत्तर उडवून लावलें होतें. पण त्या दिवशीं मला त्यांत उद्धटपणा दिसला. मी म्हणालों, "तुझ्या बाबांनाच आतां भूगोलाचें पुस्तक लिहावयास सांगूं." वर्ग हंसला. मीहि हंसलों. तो खालीं बसला आणि त्यानें वहींत लिहिलें कीं आकाशाच्या प्रतिबिंबामुळें समुद्र निळा दिसतो. मीं वाकून तें पाहिलें सुद्धां.

त्यानंतर तो वर्गांत आपण होऊन कांहीं बोलला नाहीं. वार्षिक परीक्षेपूर्वीं त्यानें शाळा सोडली. तो माझ्यामुळें गेला, असें म्हणण्याइतकें महत्त्व मी स्वतःस देत नाहीं. त्याच्या बाबांचा हात होडीवर दुखावला होता आणि घरीं दुसरा माणूस नव्हता. त्या किनाऱ्यावर अशीं मुलें दर वर्षीं गळत. तथापि जातांना तो माझें एक वाक्य बरोबर घेऊन गेला, एवढें खरें, आणि तें वाक्य खोटें होतें.

तें खोटें आहे हें मला ठाऊक नव्हतें, अशी सबब मी पुष्कळ दिवस पुढें करीत आलों. ती सबबहि नातीनें काढून घेतली. १९२१ सालीं प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून नारकुंडा नांवाच्या आगबोटीनें परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून ते विचारांत पडले. लॉर्ड रॅले ह्या थोर पंडिताचें म्हणणें असें होतें कीं, खोल समुद्राच्या निळेपणाचा पाण्याशीं कांहीं संबंध नाहीं; तें केवळ आकाशाचें प्रतिबिंब. रामन यांनीं एक लोलक असा धरला कीं पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडावा. आकाशाचें प्रतिबिंब गेलें. पण निळेपणा गेला नाहीं, उलट अधिकच खुलला. तेव्हां रंग पाण्याचाच होता. त्याविषयींचें टिपण त्यांनीं बोट मुंबईच्या बंदरांत असतांनाच लिहून 'नेचर' ह्या पत्राकडे धाडलें. ह्याच विचाराचा धागा पुढें वाढत वाढत १९२८ च्या शोधाशीं व १९३० च्या नोबेल पारितोषिकाशीं जाऊन पोंचला, हें सर्वांस माहीत आहे. मलाहि माहीत होतें. रामन यांचें चित्र माझ्या वर्गांत भिंतीवर टांगलेलें होतें! मुंबईच्या बंदरांतून लिहिलेली एक गोष्ट आमच्या गांवच्या शाळेपर्यंत बासष्ट वर्षांत येऊं शकली नव्हती. किंवा भिंतीवर येऊन बसली होती आणि मीं वर मान करून वाचली नव्हती. आणि ज्या दिवशीं मीं त्या पोरास खालीं बसविलें, त्या दिवसांत निंबसवरचा तो डोळा आकाशांतून फिरत होता आणि समुद्राचे हिरवे निळे प्रांत वेगळे करीत होता.

उपग्रहाचें म्हणणें सर्वस्वीं बरोबर असतें असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. मी नव्या गोष्टीचा भक्त लवकर होत नाहीं. आमच्या खाडीच्या तोंडाशीं गढूळ पाणी असतें. तेथें माती, कुजक्या पाल्याचा रंग आणि हरितद्रव्य हीं एकांत एक मिसळलेलीं असतात, आणि वरून पाहणाऱ्याची हमखास गल्लत होते. पडद्यावरच्या त्या तांबड्या पट्टींत किती माती होती हें तो पडदा सांगत नाहीं. दुसरें असें कीं, हिरवें म्हणजे मासळी, असेंहि समीकरण नाहीं. अरबी समुद्राच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत अलीकडे नॉक्टिल्यूका नांवाचा एक जीव इतका माजतो कीं शेंकडों मैल पाणी हिरवें होतें. त्याच्या पोटांत हिरवे पाहुणे राहतात. उपग्रहाला वाटतें केवढें पीक आलें! पण तें पीक माशांच्या फारसें उपयोगाचें नाहीं. त्यावर ताव मारतात ते जेलीसारखे लिबलिबीत प्राणी. रात्रीं किनाऱ्याला लाटा निळ्या उजळतात त्या ह्याच नॉक्टिल्यूकाच्या कुळामुळें. २०२० च्या नोव्हेंबरांत जुहूच्या वाळवंटावर लोक त्या पाहावयास लोटले होते. आणि तिसरी गोष्ट पावसाळ्याची. नैर्ऋत्य वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांवरचें वरचें पाणी लोटून देतो, खालचें थंड व कसदार पाणी वर येतें, आणि अरबी समुद्राला जणुं सुगी येते. आमच्या दक्षिणेस केरळ कर्नाटकाच्या कडेलाहि हेंच लहान प्रमाणावर घडतें. नेमक्या त्याच महिन्यांत उपग्रहाच्या डोळ्यावर ढगांचें झांकण असतें. ढगाखालचा समुद्र त्याला दिसत नाहीं. ज्या ऋतूंत पाहण्याजोगें सर्वांत अधिक, त्या ऋतूंत आंधळा; मला हें यंत्र ह्या दोषामुळेंच थोडें आपलेंसें वाटूं लागलें.

नात परत गेली. मार्गशीर्षांत एके दिवशीं मी दापोलीहून एस. टी. नें हर्णैस गेलों. पिशवींत घरांतली एक पांढरी कल्हईची नव्हे, मुलाम्याची, आपण चिनी मातीची म्हणतों तशी लोखंडी थाळी होती, आणि गांठी मारलेली बारीक दोरी. हें काय वेड, असें आमच्या घरांतून विचारलें गेलें. त्याचें कारण सेक्की नांवाचे एक इटालियन पाद्री. ते ज्योतिषी होते; १८६५ सालीं पोपच्या नौकेवरून त्यांनीं पांढऱ्या तबकड्या समुद्रांत सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात तें मोजलें. पाण्याचा निर्मळपणा मोजण्यास आजहि ही तबकडी वापरतात. उपग्रह मला विकत घेतां येणार नव्हता. थाळी घरीं होती.

तो तिसऱ्या बांकावरचा मुलगा आज हर्णैस स्वतःच्या होडीचा तांडेल आहे, हें मला पुष्कळ वर्षांपासून माहीत होतें. पंधरा किलोमीटर जाण्यास मला इतकीं वर्षें लागलीं. तो जाळें दुरुस्त करीत बसला होता. केस पिकलेले. मला पाहतांच उठून त्यानें वाकून नमस्कार केला, पोराला चहा आणावयास पिटाळलें, आणि गुरुजी ह्या वयांत एकटे कशाला आलांत म्हणून रागावला देखील. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर मीं धीर करून त्या दिवसाची आठवण काढली. त्याचें वाक्य, माझें वाक्य, सगळें सांगितलें. आणि चूक माझी होती, तूं सांगितलेंस तें खरें होतें, हेंहि सांगितलें.

तो थोडा वेळ सुईनें जाळें ओढीत राहिला. "मला नाहीं आठवत, गुरुजी," तो म्हणाला. "मला तुमचा नकाशा आठवतो. मोठा होता, कापडावरचा. तुम्हीं मला तो गुंडाळावयास देत होतां."

नकाशा मला आठवत नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हतें, कीं मला त्रास होऊं नये म्हणून तो तसें म्हणाला, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्याची कला मजपाशीं नाहीं.

मग त्यानें खिशांतून मोबाईल काढून मला दाखविला. हैदराबादेहून राष्ट्रीय महासागर-माहिती केंद्राचा संदेश आला होता: कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेस, किती किलोमीटरांवर, किती खोलीच्या पाण्यांत मासळी मिळण्याचा संभव आहे. पाण्याचें तपमान आणि पाण्याचा रंग, ह्या दोहोंवरून उपग्रह हें काढतो, असें मी त्याला सांगूं लागलों. पण तें त्याला माझ्यापेक्षां अधिक चांगलें ठाऊक होतें. "थंड पाणी आणि कोमट पाणी जेथें एकमेकांस टेकतें, तेथें हिरवें येतें," तो म्हणाला. "बाबा हात बुडवून बघायचे. आतां वरून बघतात. डिझेल वांचतें, हें खरें. पण एक आहे. संदेश सगळ्यांनाच येतो. मग एका जागीं पन्नास होड्या. आणि पाणी कांहीं संदेश वाचून थांबत नाहीं. मी कागदहि बघतो, पाणीहि बघतो." बंदीच्या दोन महिन्यांत, जून-जुलैंत, संदेश नसतातच, आणि पुढें आभाळ भरून असलें कीं पुन्हां बाबांचीच विद्या, असें म्हणून तो हंसला. मलाहि तेव्हां हंसूं आलें. चाळीस वर्षांपूर्वींच्या हंसण्याहून तें निराळें होतें.

थाळी पाहून त्याच्या पोराला मोठी मौज वाटली. दर्या शांत होता. त्यांनीं मला लहान होडींत बसविलें आणि सुवर्णदुर्गाच्या बाहेर नेलें. किनाऱ्याजवळ पाणी मातकट होतें. तेथें थाळी सोडली ती दीड वावाच्या आंतच नाहींशी झाली. किल्ल्याला वळसा घालून बरेंच बाहेर गेल्यावर पुन्हां सोडली. ह्या वेळीं ती पुष्कळ वेळ दिसत राहिली. आधीं पांढरी, मग पिवळट, मग कोवळ्या पानासारखी, आणि शेवटीं होती कीं नव्हती असा एक हिरवा भास. पोरानें गांठी मोजल्या. चार वाव भरले. मीं तो आंकडा नातीसाठीं टिपून घेतला.

"निळें पाणी येथून किती लांब?" मीं विचारलें.

"रात्र जाईल, गुरुजी," तो म्हणाला. मग दोरी हळूहळू वर ओढतां ओढतां पुढें म्हणाला, "आणि तेथें जाऊन करावयाचें काय?"

थाळी वर आली. त्यानें ती आपल्या सदऱ्याला पुसली आणि माझ्या पिशवींत नीट उभी ठेवली.